‘आम्ही’ म्हणजे कोण कोण?

पत्र, थोडक्यात: माझं गाव माणदेशातलं. येत्या १ जूनला मला ऐंशी वर्षं पूर्ण होतील. घरची अडीच एकर कोरडवाहू, वडील लवकर गेले, आई लोकांच्या रानात मजुरीला जायची. हुलग्याचं माडगं पिऊन शाळा केली. पुढं साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात राहून, ‘कमवा आणि शिका’त राबून १९६३ ला मॅट्रिक झालो (फॉर्मच्या फीसाठी थोरल्या बहिणीनं तोडे मोडले होते). १९६५ ला पुण्यात सरकारी नोकरी लागली, अधिकारी होऊन निवृत्त झालो. ७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडली, रेशनवरची मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. आज फ्लॅट आहे, पेन्शन आहे, सगळं आहे. मुलगा म्हणतो, ऐंशीच्या कार्यक्रमात तुमचं आत्मचरित्र छापून वाटू. मी लिहायला घेतलंय. पण नातवंडांना ऐकायचंच नसतं. नातू परवा म्हणाला, “आबा, सुकडीचं ना? झालंय ते सांगून.” गावी असलेला धाकटा भाऊ म्हणतो, आईचा खळ्यावरचा प्रसंग लिहिलास तर माझ्या दारात येऊ नकोस. बायको म्हणते, कशाला उकरताय. मी लिहू की नको? लिहिलं तर सगळं खरं लिहू की नको?

काका, नमस्कार.

फुलस्केपची चौदा पानं, दोन्ही बाजूंनी, समास सोडून. सरकारी नोकरीतला माणूस समास सोडल्याशिवाय राहत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्या बाजूनं होते, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या भावाच्या. तिसऱ्यांदा वाचताना एका कंसात अडकले. त्या कंसाकडे येतेच.

आधी सोपं उत्तर. लिहा. घरात कुणी “सारखं तेच ते” म्हणालं की तुमच्या वयाच्या माणसांना वाटायला लागतं, आपलं डोकं तर चाललं नाही ना. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ साली, म्हणजे तुम्ही मॅट्रिक झालात त्याच वर्षी, याच्यावर एक लेख लिहिला. तोवर डॉक्टरही म्हाताऱ्या माणसाचं मागचं आठवत बसणं म्हणजे वयाचा दोष समजायचे. बटलरचं म्हणणं असं, की शेवट जवळ आला की माणूस आयुष्याचा हिशेब मांडायला बसतोच. ते नैसर्गिक आहे, बहुतेकांना त्यातून हलकंही वाटतं. पण काहींना त्यातून जुनी टोचणी वर येते आणि ती झोप घालवते, हेही त्यानं सांगून ठेवलंय. तुम्ही पत्रात लिहिलंय, “हल्ली तीनला जाग येते, मग उठून लिहीत बसतो.” मला वाटतं तुमचं लिहिणं सुरू झालंय ते मुलाच्या कार्यक्रमासाठी नाही.

जाता जाता, १ जूनबद्दल. ही तारीख खरी नाही हे तुम्हालाही माहीत असणार. तुमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी पोराच्या उंचीकडे बघून साल आणि शाळेच्या सोयीनं तारीख घातली. सहस्रचंद्रदर्शन करायचं तर हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं दहा महिने लागतात, आणि तुमचे चंद्र मोजायचे कुठून हेच ठरलेलं नाही. मुलानं हॉल बुक करायची घाई करू नये, एवढंच म्हणते. तुमचा खरा जन्म कधीचा, हे सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलंय. तेही त्याच कंसात आहे.

आता नातू. पोरांना ऐकायचं नसतं, असं तुम्ही धरून चाललाय. मी जरा वेगळं विचारते. सुकडीची गोष्ट तुम्ही कधी सांगता? पत्रात तीन प्रसंग आहेत. नातवानं पिझ्झाच्या कडा टाकल्या तेव्हा. नातीनं दुसरा मोबाइल मागितला तेव्हा. सून एसी लावून झोपली तेव्हा. म्हणजे तुमचा दुष्काळ घरात येतो तो वसुलीला. त्या पोराला ऐकण्याआधीच कळतं की शेवटी आपल्याला लाज वाटायला हवी आहे, म्हणून तो मधेच “झालंय सांगून” म्हणतो. त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. आमचे वडीलही ताटातल्या शेवटच्या शितापर्यंत असंच बोलायचे, आणि त्यांच्या लहानपणीची खरी गंमत, विहिरीत बुडता बुडता वाचल्याची, मला ते गेल्यावर त्यांच्या मित्राकडून कळली. आम्हाला ती कधी सांगितलीच नाही, कारण तिच्यात शिकवण नव्हती.

तुमच्या पत्रात अशी एक गोष्ट आहे. बोर्डिंगात पहिल्या रात्री तुम्हाला विजेचा दिवा कसा विझवायचा ते कळलं नाही आणि तुम्ही फुंकर मारत बसलात. ही नातवाला सांगितली का? नसणार. त्यात तुम्ही बावळट दिसता. त्याला तीच हवी आहे.

आणि एक शब्द आहे, ज्याच्यापाशी हे सगळं घोटाळतंय. ‘आम्ही’. आपल्या भाषेत ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. “आमच्या वेळी”, “आम्ही काढलेत दिवस”. नातू बाहेर उभा आहे, कारण वाक्यानंच त्याला तिथं उभं केलंय. पण मला जास्त छळतंय ते दुसरंच. या ‘आम्ही’च्या आत कोण कोण आहे?

रागावू नका, पण तुमच्याच तारखा तुमच्यापुढे ठेवते. १९६५ ला नोकरी लागली. ७२ साली तुम्ही पुण्यात टेबलावर होतात, दर महिन्याला गावी मनीऑर्डर करत होतात. मग “आम्ही खडी फोडली” यातले आम्ही कोण? मिलोची तांबडी भाकरी तुम्ही पुण्यातही खाल्ली असेल, रेशनवर ती शहरातही आली होती. सुकडी सुट्टीत गेल्यावर चाखलीही असेल. पण दुष्काळी कामावर उन्हात बसून हातोडी कुणी चालवली? आई पन्नाशीला टेकलेली. आणि धाकटा भाऊ, वीस वर्षांचा. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यात बायका प्रचंड होत्या. तुमच्या घरातली ती दोघं त्या पन्नास लाखांतली. तुम्ही नव्हतात.

तुम्ही खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. घरावर आलेलं संकट माणूस स्वतःवर आलेलंच समजतो, आणि पन्नास वर्षं सांगता सांगता ते अंगावरचं होऊन जातं. तुमची मनीऑर्डर गेली नसती तर त्या दोघांचं काय झालं असतं, हाही हिशेब खरा आहे. पण पुस्तकात “आम्ही खडी फोडली” असं छापून आलं, तुमच्या फोटोखाली, आणि ते भावानं वाचलं, तर त्याला काय वाटेल? तो “माझ्या दारात येऊ नकोस” म्हणतो ते सगळं आईच्या अब्रूपायीच असेल, असं मला वाटत नाही. त्याची खडीही तुमच्या नावावर चाललीय, हे त्याला बोलता येत नसेल.

आता खळ्यावरचा प्रसंग. इतर वाचकांसाठी एवढंच सांगते: काका आठ वर्षांचे असताना, मळणी चालू असताना, आईनं ओटीत शेर-दीड शेर बाजरी बांधून घेतली. मालकानं ते पाहिलं आणि सगळ्या गड्यांदेखत तिला पदर झाडायला लावला. काका कडब्याच्या गंजीपाशी उभे होते.

तुम्ही लिहिलंय, “भावाला आता बंगला-ट्रॅक्टरची ऐट आली, म्हणून जुनं नको झालंय.” असेलही. पण पुण्यात हा प्रसंग साहित्य आहे, गावात तो उद्याची सकाळ आहे. त्या मालकाची नातवंडं आणि तुमच्या भावाची नातवंडं एकाच सोसायटीत दूध घालतात, एकाच पारावर बसतात. पुस्तक वाटून तुम्ही संध्याकाळी पुण्याला परत याल. तो तिथंच राहणार. तेव्हा “सगळं खरं लिहू का” याचं उत्तर देण्याआधी, त्या खऱ्याची किंमत कोण भरणार ते बघायला हवं.

तरीही तो प्रसंग तुम्ही लिहावा असंच मला वाटतं, आजच्या आज. छापायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात, त्या सगळ्यांना मी एकच सुचवते: दोन प्रती करा. एक घरची, हातानं लिहिलेली किंवा टाइप करून बांधून घेतलेली, जिच्यात सगळं नावागावासकट असेल आणि जी कपाटात राहील. दुसरी वाटायची. वाटायच्या प्रतीत मालकाचं नाव, वाडा, आळी यातलं काही नको, “एकांच्या खळ्यावर” एवढं पुरतं. आणि भाऊ तरीही नको म्हणाला तर तेवढं पान वाटायच्या प्रतीतून काढा. पुस्तक लंगडं होणार नाही. काहींना हे भित्रेपणाचं वाटेल. मला नाही वाटत. आईच्या पदराबद्दल तिच्या दोन मुलांचं एकमत नसेल तर तो पदर तिसऱ्यांसमोर पुन्हा कशाला झाडायचा?

पण लिहिताना एक बघा. तुमच्या मसुद्यात त्या प्रसंगात मालक आहे, गडी आहेत, तुमचा संताप आहे, “त्या दिवशी ठरवलं, शिकायचं” हे वाक्य आहे. (आठ वर्षांच्या पोरानं तसं ठरवलं असेल का? की ते वाक्य पुढं कधीतरी येऊन बसलं?) आई त्या संध्याकाळी घरी येऊन काय बोलली, ते मात्र नाही. चूल पेटली का? खायला काय केलं? हे तुम्हाला आठवत नाही, असं दिसतंय. आठवणारं माणूस आहे.

तर तो कंस. चौदा पानांत तुमची आक्का दोनदा येते. एकदा कंसात, तोडे मोडायला. दुसऱ्यांदा शेवटून दुसऱ्या पानावर: “थोरली बहीण आटपाडीकडे दिलेली, पंच्याऐंशीची आहे, मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून दुसरीतूनच काढलेली, वडिलार्जित जमिनीच्या हक्कसोडीवर तिनं विनातक्रार अंगठा दिला.” बास. एका वाक्यात अख्खी बाई संपवली, आणि तिच्या दोन पानं आधी तुमच्या निरोप समारंभातल्या भाषणांना सव्वा पान.

मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. आपल्याकडे गरिबीतून वर आलेल्या पुरुषांच्या कथा अशाच सांगितल्या जातात. तुम्ही ज्या बोर्डिंगचा इतक्या अभिमानानं उल्लेख केलाय, त्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव महाराष्ट्रात पोरासोरांना माहीत आहे. पण साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, हे किती जण लक्षात ठेवतात? तुमच्या घरात तेच घडलंय, लहान मापात. आणि मला राहून राहून एकच दिसतं. १९६३ साली आक्का विशी ओलांडलेली, लग्न झालेली. म्हणजे ते तोडे सासरचे असणार. सासरचे तोडे माहेरच्या भावासाठी मोडून ती परत गेली तेव्हा मोकळ्या पायांकडे बघून सासूनं काय विचारलं असेल? हिनं काय सांगितलं असेल? साठ वर्षांत तुम्ही विचारलंत का?

हे लिहीत असताना दरसालची भाऊबीज आणि साडी तुमच्या मनात आली असेल. ती द्याच. मी विचारण्याबद्दल बोलतेय.

म्हणून माझा सल्ला असा, की पुस्तक महिनाभर बाजूला ठेवा आणि आटपाडीला जाऊन या. कार्यक्रमाआधी, उन्हाळा तापण्याआधी. नातवाला किंवा नातीला बरोबर घ्या, “चल, तुला खरी गरिबी दाखवतो” असं अजिबात न म्हणता. म्हणा, मला मोबाइलवर रेकॉर्डिंग जमत नाही, तू कर. त्याला काम द्या, उपदेश नको. पोरं कामाला येतात.

हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात सांगते. फोन तिच्या बाजेवर, उशीपाशी ठेवायचा. पंखा बंद, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बसवायचं नाही. “तेव्हा कसं वाटलं” असं विचारू नका, त्या पिढीच्या बायका “काय वाटायचंय, होतं तसं होतं” म्हणून हात झटकतात. वस्तू विचारा. माडगं कुठल्या भांड्यात व्हायचं, कोरड्यास कधी व्हायचं, पाणी किती लांबून, घोंगडी किती आणि खाली झोपणारी किती. तारखा विचारू नका आणि तिनं चुकवल्या तर दुरुस्त तर मुळीच करू नका. त्यापेक्षा विचारा, नवे पैसे आले तेव्हा तू कुठं होतीस? तो १९५७ चा एप्रिल. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं? तो डिसेंबर १९६७. जुन्या माणसांचं कॅलेंडर असंच असतं, आणि ते शाळेच्या दाखल्यापेक्षा भरवशाचं असतं. तुमचा जन्म सुगीतला की भर उन्हातला, तेही तिथंच कळेल.

परतताना गावच्या शाळेत जा. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून शाळाशाळांतली जुनी जनरल रजिस्टरं बाहेर निघालीत, मुख्याध्यापकांनाही आता सवय झालीय. तुमचं नाव सगळ्यांनी पाहिलंय, कारण दाखला तिथूनच निघाला. तुम्ही आक्काचं नाव शोधा, १९५० च्या आसपास. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. तिच्या नावापुढे काय लिहिलंय ते नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. रकाना कोरा असला तरी त्याचा फोटो काढून ठेवा.

मग भावाकडे. त्याच्याशी आईच्या प्रसंगावरून सुरुवात करू नका. खडीपासून करा. म्हणा, ७२ साली मी नव्हतो, तू सांग, मी लिहून घेतो. सरकारी माणसाला लिहून घेता येतं. तुमच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर तुम्ही चार ओळी लिहायचात, ती कुपनं त्यानं किंवा वहिनींनी डब्यात ठेवली असतील तर मागा, परत देण्याच्या बोलीवर. त्याचं प्रकरण त्याच्या शब्दांत, त्याच्या नावानं पुस्तकात जाऊ द्या. त्यानंतर तो खळ्याबद्दल आजच्यासारखंच बोलेल का, मला शंका आहे. बोलला तर त्याचं ऐका.

ज्यांची आक्का आता नाही, असे वाचक विचारतील, आम्ही काय करायचं. तिच्या मुलांना विचारा, तिच्या जावेला विचारा, शेजारणीला विचारा. आणि जिथं काहीच हाती लागत नाही तिथं तसं स्पष्ट लिहा: “हे मी तिला विचारलं नाही.” रंगवून लिहू नका.

पैशाबद्दल एकच सांगते, कारण तुम्ही हक्कसोडीचा उल्लेख आपण होऊन केलात. कायद्यानं तो विषय संपलेला असेल. तरी मुलगा हॉल, जेवण आणि पाचशे प्रती यांवर किती खर्च करणार आहे, ते विचारा, आणि आक्काचा मोतीबिंदू झालाय का, कानाचं यंत्र आहे का, औषधं कोण आणतं, तेही विचारा. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी हे बघा. भाच्यांचा मान राखून, त्यांच्या माघारी काही करू नका.

शेवटची गोष्ट म्हणजे हे पुस्तक आक्काला वाचता येणार नाही. दुसरीतून काढलेली आहे. तेव्हा छपाईला देण्याआधी घरची प्रत घेऊन पुन्हा एकदा तिच्याकडे जा आणि नातीला वाचून दाखवायला सांगा, सगळी, खळ्यासकट. आक्का जिथं “असं न्हवतं रं” म्हणेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि वाद घालू नका. कार्यक्रम १ जूनला झाला काय आणि दिवाळीत झाला काय, तारीख कुठं खरी आहे?

आणि पहिल्या भेटीत सुरुवात तोड्यांपासूनच करा. किती भाराचे होते, कुठल्या सोनाराकडे मोडले, किती आले, आणि फी भरून काही उरलं असेल तर त्याचं तिनं काय केलं.